इकोमध्ये व्हॉल्व्ह लीक आलाय, बाबांकडे किती वेळ आहे?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी पस्तिशीची मुलगी, आईवडील गावी, भाऊ पुण्यात नोकरीला. वडील ६७ वर्षांचे, तीन वर्षांपूर्वी मोठा हार्ट अटॅक येऊन गेला, तेव्हा अँजिओप्लास्टी झाली. गेले काही महिने जिना चढताना दम लागतो, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली तर ईएफ (प्रत्येक ठोक्याला डावा खालचा कप्पा किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा) ३० टक्के आणि खाली 'मॉडरेट टू सिव्हिअर एमआर', म्हणजे मायट्रल व्हॉल्व्हचा मध्यम ते मोठा लीक. कार्डिऑलॉजिस्टनी गोळ्या बदलल्या आणि तीन महिन्यांनी परत इको करू म्हणाले. मुलीने घरी येऊन नेटवर शोधलं, तिथे असा लीक असलेल्यांपैकी ६२ टक्के लोक पाच वर्षांत जातात असं वाचलं आणि तेव्हापासून तिची झोप गेलीय. भाऊ म्हणतो डॉक्टर नुसता वेळ काढतायत, मोठ्या हॉस्पिटलला नेऊन व्हॉल्व्ह बदलू किंवा क्लिप बसवू, लागलं तर शेत विकू. आई म्हणते, यांना काही कळू देऊ नका, धसका घेतील. मुलगी विचारते, "ताई, लीक बंद केला की बाबा वाचतील ना? आणि आम्ही थांबलो तर उशीर करतोय का?"

---

तू वाचलेला ६२ चा आकडा खोटा नाहीये. म्हणून आधी त्याच्याबद्दलच बोलू, कारण तो मनातून काढल्याशिवाय बाकी काही तुझ्या डोक्यात शिरणार नाही.

तो आकडा अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २००१ साली आलेल्या अभ्यासातला आहे. हार्ट अटॅक येऊन गेलेले ३०३ लोक, त्यातल्या काहींना मायट्रल व्हॉल्व्हचा लीक होता, काहींना नव्हता, वय आणि ईएफ जुळवून दोघांची तुलना केली. पाच वर्षांत लीक असलेल्यांपैकी ६२ टक्के गेले. पण त्याच ओळीत पुढे दुसरा आकडा आहे तो तू वाचला नसावास. लीक नसलेल्यांपैकीही ३९ टक्के गेले. हे नीट बघ. म्हणजे लीकमुळे धोका वाढतो हे खरंच आहे, आणि लीक जितका मोठा तितका जास्त वाढतो हेही त्यांना दिसलं, पण लीक नसूनही शंभरातले ३९ गेले ते कशाने? तर अटॅकने हृदयाचा स्नायूच दुबळा झालेला होता त्याने. शिवाय ते सगळे रुग्ण गेल्या शतकातले. आज तुझ्या बाबांच्या प्रिस्क्रिप्शनवर ज्या गोळ्या असतील त्यातल्या निम्म्या तेव्हा बाजारात नव्हत्याच. त्यामुळे ६२ हा आकडा गंभीरपणे घे पण तो बाबांच्या नावावर लिहिलेला नाहीये. कुठलाच आकडा एका माणसाचा नसतो, तो एका गटाचा असतो, आणि तो गट तुझ्या बाबांसारखा होता की नाही हे आधी विचारायचं असतं.

आता भावाच्या म्हणण्याकडे येते. तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलीय, की लीक हाच आजार आहे, तो बुजवला की आजार गेला. तुझ्या बाबांच्या बाबतीत बहुतेक तसं नाहीये. मायट्रल व्हॉल्व्ह म्हणजे दोन पाकळ्या, डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधे. अटॅकनंतर खालचा कप्पा हळूहळू फुगत जातो, मोठा होतो. दाराची चौकट फाकली की दोन्ही फळ्या धडधाकट असूनही मधे फट राहते ना, तसं होतं. पाकळ्या चांगल्या आहेत, त्यांना खालून धरून ठेवणारे दोरे ताणले गेलेत, म्हणून त्या मिटत नाहीत. याला डॉक्टर सेकंडरी किंवा फंक्शनल एमआर म्हणतात. मग प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त पुढे जायच्या ऐवजी मागे फुफ्फुसाच्या दिशेने जातं, म्हणून आडवं झालं की दम लागतो, म्हणून दोन उशा. आणि मागे गेलेलं ते रक्त पुढच्या ठोक्याला परत खाली येतं, कप्प्यावर आणखी ताण, कप्पा आणखी फुगतो, लीक आणखी वाढतो. हे चक्र आहे. लीक त्या दुबळेपणाची खूणही आहे आणि तो दुबळेपणा वाढवणारं कारणही आहे, दोन्ही एकाच वेळी. म्हणून तर यावर डॉक्टरांमध्येच वर्षानुवर्षं वाद चालू होता, की लीक बंद केल्याने माणूस जास्त जगतो, की तो नुसती खूण असल्यामुळे तो पुसून काही होत नाही.

त्याचं उत्तर २०१८ मध्ये आलं, आणि गंमत म्हणजे एकाच वर्षी दोन उत्तरं आली, एकमेकांच्या विरुद्ध. पहिला अभ्यास फ्रान्सचा, मिट्रा-एफआर नावाचा, ३०४ रुग्ण. निम्म्यांना मांडीच्या शिरेतून नळी घालून व्हॉल्व्हच्या दोन पाकळ्या एकत्र धरणारी क्लिप लावली, निम्म्यांना फक्त औषधं. वर्षभराने बघितलं तर मृत्यू आणि हॉस्पिटलात भरती होणं यात काही फरक नाही. काही आठवड्यांनी अमेरिका आणि कॅनडाचा कोॲप्ट नावाचा अभ्यास आला, ६१४ रुग्ण, तीच क्लिप. इथे दोन वर्षांत नुसत्या औषधांवरच्या गटात ४६ टक्के लोक गेले आणि क्लिपवाल्या गटात २९ टक्के. खूप मोठा फरक आहे हा, साधारण सहा जणांना क्लिप लावली तर दोन वर्षांत एक जीव वाचतो.

मग असं का झालं? यावर खूप लिहिलं गेलंय पण तुला उपयोगी अशा दोन गोष्टी सांगते. एक, कोॲप्टमध्ये असे लोक घेतले होते ज्यांचा लीक मोठा होता पण कप्पा फार फुगून गेलेला नव्हता. फ्रान्समध्ये बऱ्याच जणांचा कप्पा खूप मोठा आणि त्या मानाने लीक लहान, म्हणजे तिथे खरा आजार स्नायूचाच होता, लीक बुजवून हाती काही लागण्यासारखं नव्हतं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कोॲप्टमध्ये रुग्णाला घ्यायच्या आधी एक समिती तपासायची की हार्ट फेल्युअरची, म्हणजे हृदय दुबळं पडल्यावर द्यायची सगळी औषधं, झेपतील तितक्या जास्तीत जास्त डोसपर्यंत, याला दिली गेलीत का. नसतील तर आधी ती द्या, मग परत इको, तरीही लीक मोठा राहिला तरच क्लिप.

तुमचे डॉक्टर हेच तर करतायत. भावाला हे आवर्जून सांग. 'तीन महिने गोळ्या आणि मग इको' यात ते वेळ काढत नाहीयेत, उपचारातला हा पहिला आणि सगळ्यात वजनदार भाग आहे. आपल्याकडे गोळ्या म्हणजे काहीच नाही, सुई म्हणजे थोडंसं काहीतरी आणि ऑपरेशन म्हणजे खरा इलाज असं मनात बसलेलं असतं. या आजारात ते उलटं आहे. योग्य चार गटांची औषधं मिळून आयुष्य जितकं वाढवतात तितकं दुसरं कशाने सहसा वाढत नाही, आणि कप्पा आक्रसला की बऱ्याच जणांचा लीकही आपोआप एक-दोन ग्रेडनी उतरतो. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन या गोळीवर २०१९ मध्ये कोरियातून ११८ रुग्णांचा अभ्यास आला, त्यात वर्षभरात हा लीक नुसत्या व्हल्सार्टनपेक्षा जास्त कमी झालेला मोजून दाखवला होता.

मात्र एक अट आहे, गोळ्या खरंच पोटात जायला हव्यात आणि डोस वाढत जायला हवा. घोळ नेमका इथेच होतो. बाबांचा डबा उघड आणि प्रिस्क्रिप्शन घेऊन एकेक गोळी समोर ठेवून बघ. चार गट असायला हवेत, एक सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन (किंवा रॅमिप्रिलसारखी), दुसरी बीटा ब्लॉकर म्हणजे मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल किंवा बायसोप्रोलॉल, तिसरी स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, चौथी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. शिवाय लघवीची गोळी. यातलं एखादं नसेल तर त्यामागे कारण असू शकतं, किडनी, पोटॅशियम, बीपी, पण ते कारण डॉक्टरांना विचारून वहीत लिही.

आणि घरी काय होतं ते मी सारखं बघते. डापाग्लिफ्लोझिन आणली की शेजारचा कोणीतरी सांगतो ही तर शुगरची गोळी, तुम्हाला कुठे शुगर आहे, मग ती बंद. ती गोळी शुगर नसलेल्यांच्याही हृदयाला उपयोगी पडते हे २०१९ लाच सिद्ध झालंय. दुसरं, घरच्या मशीनवर बीपी १०० आलं की घाबरून दोन गोळ्या परस्पर बंद. या रुग्णांचं बीपी १०० असणं बऱ्याचदा चालतं, आपल्याला हवंही असतं. उठताना चक्कर येते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे बघायचं आणि येत असेल तर फोन करायचा, आपल्या मनाने गोळी तोडायची नाही. तिसरं, गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारखी गोळी. ती अंगात पाणी धरून ठेवते, किडनीवर ताण आणते, चार दिवसांत माणूस दम लागून भरती होतो. दुखण्यासाठी काय घ्यायचं ते डॉक्टरांनाच विचार. आणि किमतीचं म्हणशील तर सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनची जेनेरिक २०२३ पासून आपल्याकडे आलीत, डापाग्लिफ्लोझिनची त्याच्याही आधीपासून, त्यामुळे पूर्वीइतका खर्च राहिलेला नाही. महाग म्हणून कोणी एक दिवसाआड घेत असेल तर तसं न करता स्वस्त ब्रँड मागून घ्या.

मिठाबद्दल आईशी बोल, कारण स्वयंपाकघर त्यांच्या हातात आहे. भाजीत मीठ कमी केलं आणि पानात लोणचं, पापड, शेव, ठेचा वाढला तर काही उपयोग नाही. सैंधव चालतं असा समज आहे, चालत नाही, तेही मीठच. आणि बाजारात जे कमी सोडियमचं मीठ मिळतं ते तर या रुग्णांना न विचारता देऊच नकोस, त्यात पोटॅशियम असतं आणि स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याचं पोटॅशियम त्याने धोकादायक वाढू शकतं. रोजच्या शहाळ्याचंही तेच.

आता वजनाची वही. सकाळी उठल्यावर लघवी झाली की, चहाच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन आणि ते लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. संध्याकाळी नडगीच्या हाडावर अंगठा पाच सेकंद दाबून धरायचा आणि उचलायचा, खळगा तसाच राहिला तर सूज आहे. रात्री झोपेतून दम लागून उठून बसावं लागलं, बसल्या जागी दम लागतोय, घेरी येऊन पडले, असं काही झालं तर तीन महिन्यांची वाट बघायची नाही, १०८ ला फोन.

मग तीन महिन्यांनी काय? कारण मी नुसतं थांबा म्हणत नाहीये, थांबण्याला तारीख हवी. भाऊ म्हणतोय त्यात एक गोष्ट बरोबर आहे, की उशीर होऊ शकतो. कप्पा फार फुगला, फुफ्फुसातला दाब फार वाढला, उजवी बाजूही थकली की क्लिपने फारसं काही होत नाही. कोॲप्टमध्येच ईएफ २० ते ५० टक्के, कप्प्याचं आकुंचनानंतरचं माप ७० मिलिमीटरपर्यंत, फुफ्फुसातला दाब ७० पर्यंत अशा मर्यादा होत्या. म्हणून पुढच्या भेटीत हे विचार: आता सगळ्या औषधांचा डोस झेपेल तितका वर गेलाय का? लीक आता किती आहे, आणि तो पाकळ्यांमुळे आहे की कप्प्यामुळे? ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला ठोक्याचा संदेश उशिरा पोचणं, आहे का? तो असेल तर सीआरटी नावाचा खास पेसमेकर बसवून दोन्ही बाजूंचे ठोके जुळवता येतात आणि त्यानेही लीक कमी होऊ शकतो. ठोके अनियमित आहेत का? परत एखादी नस ब्लॉक झालीय का? आणि ईएफ तीन महिन्यांनंतरही ३५ च्या वर गेलं नाही तर आयसीडी, म्हणजे अचानक ठोके बिघडले तर शॉक देऊन वाचवणारं मशीन, त्याची गरज आहे का? हा शेवटचा प्रश्न लीकच्या नादात विसरला जातो, आणि अचानक जाणारे काही जण त्याने वाचू शकतात.

एवढं करूनही लीक सिव्हिअर आणि दम तसाच राहिला तर मात्र क्लिपसाठी जा, अशा सेंटरला जा जिथे हे नियमित होतं आणि कार्डिऑलॉजिस्ट, सर्जन, इको करणारे एकत्र बसून ठरवतात, याला हार्ट टीम म्हणतात. आधी तोंडातून नळी घालून करायचा इको होईल, त्यावरून पाकळ्यांना क्लिप धरता येईल का ते कळतं. छाती उघडून व्हॉल्व्ह बदलणं हा भावाचा पहिला पर्याय मी या प्रकारच्या लीकमध्ये शेवटी ठेवीन. नुसत्या सेकंडरी लीकसाठी सर्जरी केली तर आयुष्य वाढतं असं चांगल्या अभ्यासात दाखवता आलेलं नाही, आणि रिपेअर केलेल्यांचा लीक परत येतो, २०१४ च्या एका अमेरिकन अभ्यासात वर्षभरातच जवळजवळ एक तृतीयांश लोकांचा आला होता. बायपास करायचीच वेळ आली तर त्याच वेळी व्हॉल्व्हचं बघतात, ती गोष्ट वेगळी.

शेताबद्दल. क्लिपचा खर्च लाखांत जातो, म्हणून आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, भावाच्या ऑफिसच्या इन्शुरन्समध्ये आईवडील आहेत का बघा, आणि 'करायला हवं' असं हार्ट टीमने म्हटल्याशिवाय विक्रीचा विषयच काढू नका. आणि क्लिपनंतर काय मिळेल हेही डोळे उघडे ठेवून समजून घ्या. कोॲप्टच्याच पाच वर्षांच्या हिशोबात क्लिपवाल्यांपैकी ५७ टक्के गेले, नुसत्या औषधांवरच्यांपैकी ६७ टक्के. ते लोक तुझ्या बाबांपेक्षा वयाने जास्त होते, पण आजार मुळापासून जात नाही हे त्यातून दिसतं. जगण्याचे दिवस वाढतात, हॉस्पिटलच्या वाऱ्या कमी होतात, जिना चढता येतो. हे मोठंच आहे. पण 'लीक बंद केला की बाबा वाचतील ना' याचं सरळ हो असं उत्तर मी तुला देऊ शकत नाही.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक सांगायलाच हवं. वरचं सगळं सेकंडरी लीकबद्दल आहे. ज्यांच्या पाकळ्याच बिघडल्यात, प्रोलॅप्स आहे म्हणजे पाकळी वरच्या कप्प्याकडे फुगते, दोरा तुटलाय, किंवा लहानपणी सांधे सुजून ताप आला होता आणि त्यातून व्हॉल्व्ह खराब झालाय, त्यांचं गणित उलटं असतं. तिथे दम लागेपर्यंत थांबणं नुकसानीचं ठरू शकतं, ईएफ ६० पर्यंत उतरलं तरी सर्जन ऑपरेशनचा विचार करतात, आणि वेळेत रिपेअर झाला तर खूप जण पुढे नेहमीसारखं आयुष्य काढतात. आणि ज्यांच्या रिपोर्टमध्ये नुसतं 'ट्रेस' किंवा 'ट्रिव्हियल एमआर', म्हणजे अगदी किंचित लीक, लिहिलंय आणि हृदय बाकी चांगलं आहे, त्यांनी कृपा करून झोप उडवून घेऊ नका, ते निरोगी माणसांतही सर्रास दिसतं. उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड व्हॉल्व्हचा लीक मात्र 'तो काय, असतोच' म्हणून सोडू नका. २००४ मध्ये पाच हजारांवर रुग्णांच्या इकोंचा एक अभ्यास आला, त्यात हा लीक नसलेल्यांपैकी वर्षभराने ९२ टक्के हयात होते आणि सिव्हिअर असलेल्यांपैकी ६४ टक्के.

आता आईचं म्हणणं. धसका घेतील ही भीती मला कळते, इतकी वर्षं त्यांनी संसार केलाय, माणूस त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण जरा विचार कर, वजन कोणी करायचं, लोणचं कोणी नाकारायचं, रात्री दम लागला तर 'काही नाही, गॅस झालाय' म्हणून कूस बदलायची की उठवायचं, हे सगळं बाबांनी करायचंय आणि कशासाठी ते त्यांनाच माहीत नाही. दोन उशा घेऊन झोपणाऱ्या माणसाला काहीतरी चाललंय हे कळत असतंच, घरातले गप्प झाले की तो त्याहून वाईट कल्पना करत पडून राहतो. टक्के सांगू नकोस, त्यांनी विचारले नाहीत तर अजिबात नको. एवढंच सांग की, "बाबा, अटॅकने हृदय थोडं मोठं झालंय, त्यामुळे व्हॉल्व्ह नीट मिटत नाहीये, गोळ्यांनी ते आवळायचा प्रयत्न चाललाय, तीन महिन्यांनी बघायचं, तोपर्यंत वजनाची वही तुमच्याकडे." आणि मग गप्प बस. त्यांना काय विचारायचंय ते विचारू दे. शेत त्यांचं आहे, छाती त्यांची आहे, ऑपरेशन करायचं की नाही यात पहिलं मत त्यांचं. कदाचित ते म्हणतील सगळं करा, कदाचित म्हणतील मला घरी राहू दे पण दम कमी करा. दोन्ही ऐकून घ्यायची तयारी ठेव. आईला शेजारी बसव, बाबांनी ऐकून घेतलेलं त्यांनी स्वतः बघितलं की त्यांची भीती तू समजावून जाणार नाही तितकी कमी होईल.

मी डॉक्टर आहे पण तुझ्या बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे गोळ्यांचा डोस माझ्या लिहिण्यावरून बदलू नकोस. भावाला सेकंड ओपिनियन घ्यायचंच असेल तर जरूर घ्या, त्यात तुमच्या डॉक्टरांचा अपमान नाही. अटॅकच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, अँजिओप्लास्टीची सीडी, जुने-नवे सगळे इको, ईसीजी, क्रिएटिनिन-पोटॅशियमचे रिपोर्ट, गोळ्यांचा डबा आणि वजनाची वही सोबत घ्या. आणि बाबांना न्या. भाऊ नुसती फाइल घेऊन जाणार असेल तर त्याला थांबव, हा लीक बीपी आणि अंगातल्या पाण्याप्रमाणे कमी-जास्त होतो, समोर माणूस नसताना कोणी ठाम मत दिलंच तर त्यावर शेत विकू नका.